बिट कातळानं झिजतं की हादऱ्यानं? तेलविहीर, बोअर आणि आपला काळा पाषाण

कातळरेघ

बोअरचं बिट, म्हणजे दगड कापणारं टोक, लवकर गेलं की कारणं ठरलेली असतात. एक तर दगड फार कडक लागला, नाहीतर माल हलका होता. तेलविहिरींवरही हेच ऐकू येतं. फरक इतकाच की तिथे बिट लाखांच्या घरातलं असतं आणि ते बदलायचं म्हणजे तीन-तीन किलोमीटर पाइप वर काढून पुन्हा खाली सोडायचा.

मी पुण्यात बसून लांबच्या विहिरींचा ड्रिलिंग डेटा वाचतो. वर आलेल्या बिटचे फोटो आणि त्याच वेळी तळाशी नोंदलेले हादरे शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कातळ कापताना होणारी झीज सावकाश होते, सारखी होते आणि तिचा अंदाज बांधता येतो. बिट अचानक मरतं ते हादऱ्यांनी. आणि ते कशानं मेलं हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं असतं, वाचणारा हवा. इथे बोअरवाले आहेत, मशीन शॉपवाले आहेत, भूगर्भशास्त्रवाले आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

हादरे तीन प्रकारचे.

उभा हादरा सगळ्यांच्या ओळखीचा. बिट तळावरून उचललं जातं आणि परत आपटतं. तीन शंकूंच्या रोलर बिटचा हा जुना रोग. ते शंकू तळाशी तीन उंचवटे घडवतात आणि प्रत्येक फेरीत बिट त्यांच्यावरून तीनदा वरखाली होतं. १२० आरपीएमला म्हणजे सेकंदाला सहा ठोके. ही लय पाइपच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली तर वर उभ्या माणसांच्या पायाखालीही जाणवतं. दात तुटतात, बेअरिंग जातं.

दुसरा पिळाचा, ज्याला सगळे स्टिक-स्लिप म्हणतात. यावर जरा थांबतो, कारण वरून हा दिसतच नाही. पाच इंची ड्रिल पाइप हातात घेतला तर वाकवण्याचा विचारही मनात येणार नाही. पण तोच तीन हजार मीटर लांब असेल आणि त्याला १० किलोन्यूटन-मीटर टॉर्क (पिळाचा जोर) दिला, तर वरच्या आणि खालच्या टोकांत सुमारे पाच फेऱ्यांचा पीळ पडतो. बिट दगडात अडकून थांबतं, पाइप फिरवणारं वरचं यंत्र, टॉप ड्राइव्ह, फिरतच राहतं आणि पीळ साठत जातो. मग अडक सुटते. झोपाळ्याच्या दोऱ्यांना पीळ देऊन सोडल्यावर पाळणा जसा गरगरत सुटतो तसं बिट वरच्या वेगाच्या दुप्पट-तिप्पट वेगानं सुटतं, आणि पुन्हा अडकतं. एवढ्या लांबीच्या पाइपला हे चक्र साधारण पाच सेकंदांचं. ड्रिलरच्या समोर आरपीएमचा आकडा १२० वर स्थिर असतो. तळाशी मात्र शून्य, मग तीनशे, मग पुन्हा शून्य. फारच वाईट वेळ असेल तर क्षणभर उलटी फिरकीसुद्धा.

ही उलटी फिरकी पीडीसी बिटला, म्हणजे फिरते शंकू नसलेल्या, हिऱ्याच्या कटरनं दगड खरवडणाऱ्या बिटला, का मारते, तर त्याच्या कटरच्या घडणीमुळे. टंगस्टन कार्बाइडच्या गोल खुंटीवर कृत्रिम हिऱ्याचा दोन-तीन मिलिमीटरचा थर असतो. समोरून येणारा भार हा थर फार मोठ्या प्रमाणात सोसतो, कारण मागे कार्बाइडचा आधार आहे. मागून किंवा बाजूनं धक्का आला तर तो थराला सोलून काढण्याच्या दिशेनं बसतो, आणि तिथे आधार काहीच नाही. त्यात उष्णतेची भर. हिऱ्याच्या कणांमध्ये कोबाल्ट राहिलेला असतो आणि तापल्यावर तो हिऱ्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास थर आतूनच तडकायला लागतो. म्हणून हल्ली चांगल्या कटरच्या पुढच्या भागातला कोबाल्ट ॲसिडनं काढून टाकतात.

तिसरा आडवा, म्हणजे व्हर्ल. बिट भोकाच्या मध्यावर फिरायचं सोडून भिंतीवर लोळायला लागतं, आणि तेही पाइपच्या उलट दिशेनं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमोको कंपनीच्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. तोवर पीडीसी कटर कडक खडकात फुटतात याचा दोष कटरवर जायचा. या लोळण्यात कटर बाजूला आणि मागेही ओढले जातात, भोक मोठं आणि वेडंवाकडं पडतं. बिटच्या वरच्या कॉलर, म्हणजे जाड, जड पाइप, हेही असंच करतात. साडेआठ इंची भोकात साडेसहा इंची कॉलर न घसरता भिंतीवर लोळली, तर तिचं उलटं चक्कर आरपीएमच्या सव्वातीन पट होतं. १२० ला मिनिटाला ३९०. प्रत्येक चक्करात ती वाकते, आणि अशा वाकण्यानंच जोडांचे आटे थकून तुटतात.

भोसरीचा_टर्नर

पिळाचं वाचलं आणि लेथवरचा चॅटर, म्हणजे टूलचा थरथराट, आठवला. आमच्याकडे बोरिंग बार (टूल धरणारा दांडा) व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढला की ओरडायला लागतो. इन्सर्टची (कापणाऱ्या तुकड्याची) धार झिजत नाही, तिचे टवके उडतात. नवा ऑपरेटर इन्सर्टला नावं ठेवतो. जुना माणूस आधी बार किती बाहेर आहे ते बघतो.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे मागच्या फेरीत पृष्ठभागावर पडलेली लाट पुढच्या फेरीत टूलला भेटते आणि हादरा स्वतःलाच वाढवत नेतो. जमिनीखाली असं होतं का? आणि उपाय तोच का? आम्ही स्पीड कमी करतो किंवा फीड वाढवतो.

कातळरेघ

अगदी तेच होतं. पीडीसी बिटवर पाच-सहा पाती असतात आणि प्रत्येक पातं पुढच्या पात्यानं सोडलेल्या पृष्ठभागावर कापतं. तिथे लाट राहिली की कापाची खोली दर क्षणी बदलते, टॉर्क बदलतो, आणि हादरा वाढत जातो. रोलर बिटच्या तीन उंचवट्यांमागेही हेच कारण आहे.

तुमची चौपट ऐकून हिशेब केला. तीन हजार मीटर लांब, १२७ मिलिमीटर व्यास. लांबी व्यासाच्या तेवीस हजार पटींहून जास्त!

उपायाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. आमचा फीड म्हणजे बिटवरचं वजन. वजन वाढवलं आणि आरपीएम कमी केले की कटर दगडात नीट रुततात आणि व्हर्ल शांत होतो. पण तेच केल्यानं स्टिक-स्लिप वाढतो. स्टिक-स्लिपवरचा उपाय नेमका उलटा, वजन कमी आणि आरपीएम जास्त. दोन्हींच्या मधे एक खिडकी असते, तीत राहायचं. मऊ खडकात ती ऐसपैस असते. कडक खडकात इतकी अरुंद होते की कधीकधी सापडतच नाही, आणि मग बिटच बदलावं लागतं, कमी आक्रमक कटरचं. म्हणून 'हादरे आले, आरपीएम कमी करा' असा सरसकट नियम कोणी सांगितला तर आधी विचारावं, कुठले हादरे?

अप्पा_हॅमर

नमस्कार मंडळी. बोअरच्या गाडीवर आयुष्य गेलं, आता मुलगा बघतो. पुण्यात निम्म्या गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या असतात, त्यांच्याकडूनच आम्ही शिकलो. तुमचं तेलाचं काम वेगळं. आमच्याकडे हवेवर चालणारा हॅमर भोकाच्या तळाशी ठोकतो, हादरा हेच आमचं काम. मग आमच्या बिटला हादऱ्याचा त्रास कसा?

मुलाची साडेसहा इंची बिटं सध्या लवकर जातायत. बिटच्या तोंडावरची मधली कार्बाइडची बटणं धड, कडेची मात्र घासून सपाट. दुकानदार म्हणतो दगड कडक आहे. मी म्हणतो दगड कडक असता तर मधलीही गेली असती.

कातळरेघ

अप्पा, तुमचा तर्क एकदम पक्का आहे. कडेची सपाट आणि मधली शाबूत याचा अर्थ ठोक्यानं ती गेली नाहीत, घासून गेली.

हिशेब मांडून बघू. हॅमर मिनिटाला १५०० ठोके देतो आणि रॉड २५ आरपीएमनं फिरतो असं धरा. एका फेरीत ६० ठोके. साडेसहा इंची बिटचा घेर सुमारे ५१८ मिलिमीटर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे कडेचं बटण साडेआठ-नऊ मिलिमीटर सरकतं. बटणाच्या व्यासाच्या निम्म्याच्या आसपास. ठीक आहे, प्रत्येक ठोका ताज्या दगडावर, मागच्या खड्ड्याच्या काठाशी बसतो. आता फिरकी ५० केली तर तेच अंतर १७ मिलिमीटर. मधला दगड न फुटताच राहतो आणि बटण त्यावरून घासत जातं. मधल्या बटणांचा घेरच लहान, म्हणून ती वाचतात. मुलाला आधी फिरकी बघायला सांगा. आणि कॉम्प्रेसरचा दाब नेहमीइतका मिळतोय का तेही. दाब पडला तर ठोके कमी होतात, आणि मग २५ आरपीएमही जास्तच ठरतात.

तुमचा पहिला प्रश्न फार मोलाचा आहे. हॅमरचा ठोका पोलादातून दाबाची लाट होऊन खाली जातो. बिट दगडावर घट्ट टेकलेलं असेल तर लाटेतली बरीचशी शक्ती दगडात जाते आणि दगड फुटतो. बिट टेकलेलं नसेल तर लाट मोकळ्या टोकावरून परत फिरते, आणि परत फिरताना दाबाची न राहता ताणाची होते. कार्बाइड दाब भरपूर सोसतं, ताण फार कमी. बटणं चिरतात, उखडतात, बिटची मान तुटते. बिट वर उचलून धरलं आणि हॅमर मोकळा ठोकत राहिला, किंवा पोकळीत शिरून टेका सुटला, की हेच होतं. फीडचा दाब फार कमी ठेवला तरी तेच. म्हणजे तुमच्याकडे हादरा कामाचाच आहे, तो दगडात गेला पाहिजे, पोलादात राहता कामा नये.

वेताळटेकडी

खडकाबद्दल थोडं लिहिते, कारण 'कडक दगड' या दोन शब्दांत आपल्याकडचं बरंच काही झाकलं जातं.

पुण्याखाली एकसंध कातळ नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक आहेत. एकाच थरात खाली घट्ट काळा पाषाण आणि वर सच्छिद्र, झिओलाइटनं भरलेला मांजऱ्या, असं अनेकदा असतं. दोन थरांच्या मधे कुठेकुठे लाल गेरूचा पट्टा. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यांवर किंवा वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत उभं राहिलं की हे थर डोळ्यांनी दिसतात. घट्ट पाषाणाची दाब सोसण्याची ताकद १०० मेगापास्कलच्या बरीच वर जाते. गेरू ओला झाला की बोटानं कुस्करता येतो. बिट काही मीटरांच्या अंतरात एकातून दुसऱ्यात शिरतं. बिटचं खरं नुकसान या सीमेवर होत असेल का?

कातळरेघ

होय, आणि हे मी मूळ लेखातच लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. मऊ थरातून कडक थरात शिरताना बिटचं नाक आधी कडक दगडाला टेकतं, खांद्यावरचे कटर अजून मऊ थरातच असतात. सगळ्या कटरवर वाटलेलं वजन एकदम नाकावरच्या चार-पाच कटरवर येतं. त्यातून नाकावर फुटलेल्या कटरचं एक कडं तयार होतं. पुढे त्या त्रिज्येवर दगड कापायला कोणी उरत नाही, शेजारच्यांवर भार येतो आणि चर वाढत जातो. वर आलेलं बिट बघितलं तर एखादी अंगठी कोरून काढल्यासारखी गोल खाच असते. थर तिरका असेल तर आणखी वाईट, मग एकच बाजू अडते आणि व्हर्ल सुरू होतो.

म्हणून जाणता ड्रिलर सीमा जवळ आली की आधीच आरपीएम उतरवतो आणि पूर्ण बिट नव्या थरात शिरल्यावरच वाढवतो. कुठल्या खोलीवर सीमा आहे हे तुमच्यासारख्यांनी सांगायचं.

आपल्या जवळचं मोठं उदाहरण कोयनेचं. भूकंपाच्या अभ्यासासाठी साताऱ्याच्या डोंगरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल पथदर्शी विवर घेतलं, ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. वरचे सव्वा किलोमीटर बेसाल्टचे थर, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नीस. मधे गाळाचा खडक नाही. जगातल्या बहुतेक तेलविहिरी वाळूचे दगड, शेल, चुनखडी यांतून जातात, त्यामुळे तिथली गणितं इथे जशीच्या तशी लावता येत नाहीत.

मंदार_साइटवर

वाचायला सगळं छान आहे. पण साइटवर मीटर मोजतात. रिगचं दिवसाचं भाडं चालू असतं आणि वरून एकच फोन येतो, आज किती झालं? 'हादरे आहेत, जरा हळू घेऊ' म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं? बिट गेलं तर गेलं, बदलू. तोवर मीटर तर मिळाले.

कातळरेघ

मंदार, तुमचा राग रास्त आहे. पण 'हळू घेऊ' असं मी म्हणतच नाहीये. हादरणारं बिट वेगात चालत नसतं. इंजिनाची ताकद दगडाऐवजी पाइप वाकवण्यात, भिंतीवर आपटण्यात आणि कटर तापवण्यात जाते. हादरे थांबले की बहुतेक वेळा वेग वाढतोच. फोन करणाऱ्याला हे एका आकड्यात दाखवता येतं. टील यांनी १९६५ मध्ये मांडलेली विशिष्ट ऊर्जा, म्हणजे एक घनमीटर दगड काढायला किती ऊर्जा लागली. साइटवर तिला एमएसई म्हणतात.

ऋचा_पेट्रोलियम

कातळरेघ सर, मी पेट्रोलियमच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमएसईचं सूत्र पाठ आहे, पण त्यातून हादरे कसे ओळखायचे ते वर्गात कधी उलगडलं नाही. एखादं उदाहरण द्याल का?

कातळरेघ

ऋचा, नक्की. साडेआठ इंची बिट, १० टन वजन, ६ किलोन्यूटन-मीटर टॉर्क, १२० आरपीएम. वेग तासाला २० मीटर. सूत्रातलं वजनाचं पद जेमतेम पावणेतीन मेगापास्कल येतं, त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. फिरवण्याचं पद सुमारे ३७० मेगापास्कल. आता बाकी सगळं तेच राहून वेग १२ वर आला, तर एमएसई ६२० च्या जवळ जाते. याचे अर्थ दोनच. दगड तेवढा कडक झाला, किंवा दगड तोच आहे आणि ऊर्जा वाया जातेय. वेताळटेकडी ताईंसारखं कोणी 'थर बदललेला नाही' असं सांगू शकलं तर दुसरा अर्थ उरतो. मग वजन थोडं वाढवून बघायचं. एमएसई उतरली तर व्हर्ल होता. चढली आणि टॉर्कची रेघ चार-पाच सेकंदांच्या लयीत वरखाली व्हायला लागली तर स्टिक-स्लिप, लगेच मागे यायचं.

एक काळजी घ्यायची. वर मोजलेल्या टॉर्कमध्ये भोकाच्या भिंतीशी पाइपचं घर्षणही धरलेलं असतं, म्हणून तिरक्या विहिरीत एमएसईचा नुसता आकडा खरा मानू नये. तिची चढउतार बघावी.

ऋचा_पेट्रोलियम

आता कळलं, सर. मग पाइप फिरवायचाच नाही आणि तळाशी मोटर लावायची, असं केलं तर स्टिक-स्लिपचा प्रश्न मिटत नाही का? रशियातल्या कोलाच्या खोल विवरात तसंच होतं ना? आणि तळाशी सेन्सर असताना ड्रिलरला थेट का दिसत नाही?

कातळरेघ

कोलाला १२,२६२ मीटरपर्यंत गेले ते टर्बाइननं, पाइपमधून खाली सोडलेल्या चिखलाच्या प्रवाहावर तळाशीच बिट फिरवून. तेवढा लांब पाइप वरून फिरवणं टाळण्यासाठीच. मोटर लावली की पिळाचा हादरा बराच कमी होतो. पण आरपीएम वाढतात, म्हणजे व्हर्ल आणि उष्णता यांच्याकडे लक्ष द्यावं लागतं, आणि मोटरचं रबर गरम विहिरीत फार टिकत नाही. वरच्या टॉप ड्राइव्हलाच पिळाच्या लाटा शोषून घ्यायला शिकवणारी नियंत्रणंही आहेत. साध्या स्टिक-स्लिपवर ती छान चालतात, पण व्हर्ल त्यांना दिसतही नाही आणि थांबवताही येत नाही.

सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा मोजतात, पण वर निरोप पाठवायचा तो चिखलातल्या दाबाच्या ठोक्यांनी, सेकंदाला मोजक्या (संगणकातल्या) बिट्सच्या वेगानं. त्यामुळे वर फक्त 'कमी, मध्यम, तीव्र' एवढंच पोचतं. सविस्तर नोंद यंत्राच्या पोटात राहते आणि ती हाती येते तेव्हा बिट बाहेर आलेलं असतं. म्हणून तर त्याचं तोंड वाचायला शिका असं म्हणतोय. कटरवर गुळगुळीत, सारखी सपाटी म्हणजे बिटनं आपलं काम केलं. खांद्यावर आणि गेजवर, म्हणजे भोकाचा व्यास राखणाऱ्या कडेवर, टवके असतील तर आधी व्हर्लचा संशय घ्या. सपाटीवर बारीक तड्यांचं जाळं म्हणजे तापणं आणि निवणं, फ्लशिंग तपासा. हिऱ्याचा थर पापुद्र्यासारखा सुटलेला असेल तर त्या वेळची टॉर्कची नोंद काढा.

भोसरीचा_टर्नर

तड्यांचं जाळं आमच्याकडे कुलंट मधेच बंद-चालू झालं की येतं. सलग कोरडं चालवलेलं बरं, पण तापलेल्या इन्सर्टवर अधूनमधून पाणी नको, असं आम्ही नव्या पोरांना शिकवतो.

कातळरेघ

स्टिक-स्लिपमध्ये दर पाच सेकंदांनी हेच होतं. बिट थांबलं की चिखल कटरला गार करतो, सुटलं की ते पुन्हा तापतं.

अप्पा_हॅमर

मुलाला फिरकी विचारली. गाडी जोरात चालावी म्हणून त्यानं ती वाढवूनच ठेवली होती. आता उतरवलीय. सपाट झालेली बिटं टाकून द्यायची की ग्राइंड करून चालतील?

कातळरेघ

अप्पा, बटणावरची सपाटी त्याच्या व्यासाच्या एक तृतीयांशाच्या आसपास आली की ग्राइंड करायचं, त्याच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. त्याहून जास्त सपाट झालेलं बटण दगड फोडायच्या ऐवजी ठोका परत फेकतं, आणि त्यावर सापाच्या कातडीसारखे बारीक तडे दिसायला लागले तर ते आतून चिरायला लागलंय. तडे पूर्ण निघेपर्यंत ग्राइंड करा आणि गोलाई मूळची ठेवा, टोक काढू नका. कडेची बटणं इतकी गेली असतील की बिटचा व्यासच उतरलाय, तर ते नव्या बोअरला चालेल, पण अर्धवट बोअरमध्ये त्याच्यानंतर पूर्ण मापाचं बिट सोडू नका, ते अरुंद भोकात अडकेल आणि कडेची बटणं तिथेच जातील. व्यास मोजून त्या क्रमानं लावा, मोठं आधी.

बिटचे फोटो इथे टाका. धुवून, समोरून आणि बाजूनं असे दोन्ही. नुसत्या समोरच्या फोटोत कडेच्या बटणांची झीज नीट कळत नाही.